सतरावी बाटली

सिल्वासाला लोक दोन कारणांनी जातात. गुजरातेत दारूबंदी आहे म्हणून शनिवार-रविवारी वापी-वलसाडकडची मंडळी जातात, आणि कारखान्यांत काम मिळतं म्हणून धुळे-जळगावकडची पोरं जातात. मी तिसऱ्याच कारणाने गेलो. मला एका माणसाचं नाव शोधायचं होतं. तो माणूस पुरुष की बाई, म्हातारा की तरुण, यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. ठाऊक होती ती त्याच्या अन्ननलिकेतली तांदळाच्या दाण्याएवढी एक चकती, आणि तीही काचेवर चिकटवलेली.

गोष्ट नव्वदच्या दशकातली आहे. मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत मी तेव्हा टेक्निशियन होतो. माणसाच्या शरीरातून काढलेले तुकडे मेणात बसवायचे, केसाहून पातळ कापायचे, काचेवर घ्यायचे आणि रंगवायचे, हे माझं काम. दोन प्रकारचे रंग असत. एक रोजचा गुलाबी-जांभळा, ज्याच्यावरून डॉक्टर रिपोर्ट लिहीत. दुसरा नव्याने आलेला, फार महाग आणि फार नखरेल. तो फक्त एका प्रथिनाला चिकटायचा. त्या प्रथिनाचं नाव पी-फिफ्टीथ्री. हे तुमच्या-माझ्या प्रत्येक पेशीत असतं, पण अगदी कामापुरतं. पेशीची नक्कल होताना कुठे चूक झाली की ती थांबवायची, हे त्याचं काम. ते स्वतःच बिघडलं की नीट मोडून निघून जात नाही, पेशीत साचत राहतं. मग आमचा रंग त्याला धरतो आणि काचेवर तपकिरी ठिपके उमटतात. अन्ननलिकेच्या कर्करोगात हे ठिपके कधी कधी गाठ दिसायच्याही आधी दिसतात, असं आमच्या प्रमुख डॉक्टर मॅडमना वाटत होतं. त्याचाच अभ्यास चालला होता.

सिल्वासाच्या एका दवाखान्यात दिवाळीच्या सुमारास दुर्बिणीचा कॅम्प झाला होता. गिळताना त्रास होणाऱ्यांच्या घशातून दुर्बीण घालून तुकडे घेतले आणि बाटल्यांतून आमच्याकडे पाठवले. बाटल्या आल्या सतरा. सोळांच्या चिठ्ठ्या ठीक होत्या. सतराव्या बाटलीतली चिठ्ठी मात्र निळ्या पाण्यात निळा कागद झाली होती, एक अक्षर शिल्लक नव्हतं. रोजच्या रंगात सतराही जणांचं विशेष काही दिसलं नाही. नव्या रंगात सोळा काचा कोऱ्या निघाल्या. सतरावीवर तपकिरी ठिपके असे भरून आले की मॅडमनी मला सूक्ष्मदर्शकावरून उठवलं, स्वतः बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत.

"हा रंग अजून आपल्या अभ्यासापुरता आहे," त्या म्हणाल्या. "यावरून कुणाला कॅन्सर आहे असं सांगता येत नाही. पण हा माणूस पुन्हा तपासायलाच हवा. तू जा. नाव शोध, घेऊन ये. घाबरवू नकोस, आणि खोटंही बोलू नकोस."

सोपं काम सांगितल्यासारखं सांगितलं. मी घरी येऊन पिशवी भरली. बायकोने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली, मी वरून पेन्सिलींचा एक डबा टाकला. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहा, शिसं कशातच विरघळत नाही, हे मी गेली कित्येक वर्षं तमाम दवाखान्यांना सांगत आलो आहे. कोणी ऐकत नाही. यावेळी समोर बसवून ऐकवायचं ठरवलं होतं.

पहिला दिवस : सिल्वासा

वापीहून सिल्वासाला जाणाऱ्या टमटममध्ये माझ्या मांडीवर एका बाईंची कोंबडी होती आणि पायाशी कुणाचा तरी प्लास्टिकच्या दाण्यांचं पोतं. पलीकडच्या दोघा तरुणांची बडबड चालली होती. एक वाक्य मराठीत सुरू व्हायचं, मधे "शेठ बोल्या के" येऊन गुजरातीत जायचं आणि "अपना क्या जाता है" म्हणून हिंदीत संपायचं. मुंबईकर म्हणून आपण बऱ्याच भाषांची खिचडी करतो असा माझा समज होता. इथे ती जास्त मऊ शिजते.

गाव मला आवडलं. रस्ते रुंद, झाडं पुष्कळ, पोर्तुगीज काळातलं एक पांढरं देऊळवजा चर्च, आणि दर चार दुकानांमागे एक परमिट रूम. दमणगंगेच्या पुलावरून वारा असा येत होता की फाल्गुनातलं ऊनसुद्धा सहन होई.

दवाखान्यात कुंदाताई भेटल्या. या तिथल्या मुख्य सिस्टर, मूळच्या देवगडच्या, सरकारी नोकरीत इथे येऊन वीस वर्षं झालेल्या. त्यांनी आधी चहा दिला, मग घरच्या आंबोळ्या दिल्या आणि मग कॅम्पचं रजिस्टर पुढे टाकलं. मी बोट ठेवून मोजलं. नावं सोळा. पुन्हा मोजलं. सोळाच.

"ताई, बाटल्या सतरा होत्या."

"शक्यच नाही. सोळा केसपेपर, सोळा माणसं. मी स्वतः उभी होते."

"मग सतराव्या माणसाचा घसा मुंबईत कसा आला?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आकडा तोच राहिला. सोळाही नावं आमच्याकडच्या चिठ्ठ्यांशी जुळत होती. म्हणजे ज्याच्या काचेवर ठिपके होते, तो माणूस कागदोपत्री या दवाखान्यात आलाच नव्हता. नाव पुसट असेल तर माणूस शोधता येतो. नावच नसेल तर कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं?

"बाटल्या भरल्या कोणी?"

"भिकूने. आमचा वॉर्डबॉय, भिकू वरठा. दहा वर्षं तोच भरतो." त्यांनी खिडकीतून हाक मारली. उत्तर नाही. दुसरी हाक मारली. तेव्हा बागेतला माळी म्हणाला की मुंबईचे साहेब येणार असं कळल्यापासून भिकूच्या पोटात दुखतंय आणि तो घरी गेलाय.

"मेलो खंय गेलो बघा!" ताईंची देवगडी बाहेर आली. "एरवी ताप आला तरी घरी जात नाही."

मुक्काम बाजारातल्या एका लॉजवर होता. खाली अमळनेरच्या पाटलांची खानावळ. जवळच्या मसाटच्या कारखान्यांतून सुटलेली त्यांच्याकडची पोरं तिथे ओळीने जेवत होती. लाल तर्रीची शेवभाजी, ज्वारीची भाकरी, कच्चा कांदा. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. पाटील ताट घेऊन माझ्यापाशी आले.

"तोंड पाडीसन काबर बसनात, भाऊ?"

मी म्हटलं, एक माणूस हरवलाय, आणि तो हरवलाय हे त्याला स्वतःलाही ठाऊक नाही. पाटलांनी क्षणभर विचार केला आणि ताटात आणखी एक भाकरी टाकली. याहून शहाणा सल्ला त्या दिवशी मला कुणीच दिला नाही.

दुसरा दिवस : गलोंडा

भिकूचं घर गलोंड्याला होतं. कुंदाताईंनी मला आपल्या स्कूटरच्या मागे बसवलं आणि पाऊण रस्ता त्याला काय काय सुनावणार याची उजळणी केली. मग मीच त्यांना थांबवलं. म्हटलं, तुम्ही मला अलीकडेच सोडा. दोन सरकारी माणसं एकदम दारात आली तर त्याचं पोट खरंच दुखेल.

भिकू अंगणात बांबूच्या कामट्या सोलत बसला होता. चाळिशीचा, काटक, पाय अनवाणी. मला पाहून उठला, पळावं की नमस्कार करावा हे त्याचं ठरेना. शेवटी त्याने खाट टाकली. पाठीमागे कारखान्याची पत्र्याची भिंत आणि पुढे नागलीचं रिकामं शेत. त्या दोहोंच्या मधे कुडाचं, शेणाने स्वच्छ सारवलेलं घर. पोटदुखीचा विषय मी काढला नाही. त्याच्या बायकोने नागलीची भाकर, सुक्या बोंबलाची चटणी आणि तुरीचं पातळ कालवण वाढलं. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी विचारतात आणि मग घरच्यांची चौकशी करतात. इथे आधी पोटभर वाढतात. चौकशी झालीच तर हात धुतल्यावर.

जेवण झाल्यावर त्याने एका पेल्यात मोहाची आणली. आधी चार थेंब जमिनीवर सांडले. "म्हातारा-म्हातारीसाठी," तो म्हणाला. म्हणजे गेलेल्या वडीलधाऱ्यांसाठी. मग पेला माझ्यापुढे केला. मी दारू घेत नाही, पण नाकाजवळ नेला. वास गोड, उग्र, डोक्यात जाणारा.

"पहिल्या धारेची हाय," भिकू म्हणाला. आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखा, "त्यात काय बी टाका, सडत नाय."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"साहेब, मना काढून टाकतील?"

"कशाबद्दल?"

मग ते बाहेर आलं. कॅम्पच्या सकाळी त्याने केसपेपर मोजले होते, सोळा बाटल्या घेतल्या होत्या आणि होतं नव्हतं ते फॉर्मॅलिन त्यांत भरलं होतं. फॉर्मॅलिन म्हणजे तुकडा कुजू नये म्हणून घालायचं ते औषध. शेवटचा पेशंट होता सुरंगीचा माह्या भोया. माह्याची तपासणी झाली आणि तो डॉक्टरांना म्हणाला, माझ्या बायकोची पण भाकर अडकते. ती बाहेर शेळीचा दोर धरून बसली होती. डॉक्टर भले गृहस्थ, म्हणाले, तिलाही बोलवा. कुंदाताई तेवढ्यात कुणाला तरी सलाईन लावायला गेल्या होत्या. केसपेपर काढायची खिडकी बंद झालेली. तुकडा घेतला, डॉक्टरांनी चिमट्यात धरून भिकूपुढे केला. भिकूकडे ना बाटली, ना फॉर्मॅलिन.

"दवा खलास. डॉक्टर बोलला, लवकर. मी काय करू? टॉनिकची बाटली धुतली. माह्याच्या बायकोनं डॉक्टरसाठी पहिल्या धारेची आणलेली, भेट म्हणून. तीच वतली."

"आणि चिठ्ठी?"

"बॉलपेननं लिवली, साहेब."

मी कपाळाला हात लावला. मोहाच्या दारूने बॉलपेनची शाई धुऊन नेली होती. ती बाटली मुंबईत मी स्वतः उघडली होती, पण त्या दिवशी मला अशी सर्दी झाली होती की समोर मासळी-बाजार भरला असता तरी कळलं नसतं. निळ्या पाण्याला मी नुसता स्पिरिटचा प्रकार समजलो होतो. माझी ही चूक भिकूच्या चुकीहून लहान नव्हती. तसं मी त्याला बोलूनही दाखवलं. त्याला ते खरं वाटलं नाही. साहेबाची चूक त्याने बहुधा पहिल्यांदाच ऐकली होती.

"तिचं नाव काय?"

"देवली."

त्या ठिपक्यांना नाव मिळालं. देवली भोया, मुक्काम सुरंगी. भिकूची नोकरी जाणार नाही असं मी त्याला वचन दिलं. ते द्यायचा मला काडीचाही अधिकार नव्हता. पण कुंदाताईंना सगळं कळल्यावर त्यांनी त्याला पंधरा मिनिटं मनसोक्त झापलं आणि रजिस्टर उघडून सतरावं नाव पेन्सिलीने लिहिलं. वचन पाळलं गेलं.

तिसरा दिवस : सुरंगी

सुरंगीचा रस्ता म्हणजे डोळ्यांना सण. पळस असा फुललेला की पान दिसत नव्हतं, आणि मोहाच्या झाडांखाली बायका-पोरी टोपल्या घेऊन पिवळट फुलं वेचत होत्या. एसटीवजा बसमधून उतरून मैलभर चालावं लागलं. भिकू माझ्यासोबत होता, रजा न घेता, कुंदाताईंच्या हुकमाने. वाटेत माझी चप्पल तुटली. भिकूने पळसाच्या मुळीचा दोर काढून ती अशी बांधली की पुढे मुंबईपर्यंत टिकली.

देवली अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. पन्नाशीची असेल, ठेंगणी, कपाळावर आणि हातावर गोंदण, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. आजारी माणसाची एकही खूण नाही. माझ्या डोक्यात इतके दिवस एक खंगलेला माणूस बसला होता. इथे ही बाई माझ्यापेक्षा भरभर चालत होती.

"तू कोण?" तिने विचारलं. इथे सगळ्यांना तूच म्हणतात. देवाला, तलाठ्याला आणि मुंबईच्या टेक्निशियनला सारखंच. मला ते बरं वाटलं. माझ्या आईनंतर मला एवढ्या मोकळेपणाने तू म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं.

मी सांगायला सुरुवात केली. मॅडमच्या दोन अटी होत्या, घाबरवू नकोस आणि खोटं बोलू नकोस. दोन्ही एकदम पाळायच्या म्हणजे मोठी कसरत. म्हटलं, बाई, तुझ्या घशातला जो तुकडा घेतला तो आम्ही पाहिला. शेताला जसा राखणदार असतो तसा शरीराच्या प्रत्येक कणाला एक असतो. तुझ्या घशात एके ठिकाणी ते राखणदार बिघडलेत असं दिसतंय.

"झोपलेत?"

"मोडलेत. आणि मोडून तिथेच ढीग होऊन पडलेत."

"मग डुकरा आली का शेतात?"

"तेच बघायचंय. आली असतील किंवा नसतीलही."

माह्या दाराच्या उंबऱ्यावर बसून ऐकत होता. बायकोहून दहा वर्षांनी मोठा, उंच, वाकलेला. तो म्हणाला, "भगतानं सांगितला, काय नाय. दवाखान्याचा माजा कागद आला, काय नाय. आता हा कोण आला?"

देवलीने त्याला हातानेच गप्प केलं. मला विचारलं, "नक्की हाय का?"

इथे खोटं बोलणं फार सोपं होतं. नक्की आहे म्हटलं असतं तर कदाचित ती लगेच उठली असती. पण मला ठाऊक नव्हतं आणि मॅडमनाही ठाऊक नव्हतं. ज्या काचेच्या मागे मी इतक्या लांब आलो, ती काच काय सांगते हे आम्ही अजून शिकतच होतो. मी म्हटलं, "मला माहीत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि एकदम हसली. पानाने लाल झालेले दात दिसले.

"भगत बोलला, मना माहीत हाय. डॉक्टर बोलला, मना माहीत हाय. भाकर तरी अडकतेच. तू एकटाच बोलला, माहीत नाय." तिने हातातली फुलं झटकली. "मग जाऊन बघाय पायजे."

मी मनातून उडी मारली. पण लगेच अट आली. दोन दिवसांनी होळी होती, आणि होळी झाल्याशिवाय गाव सोडायचं नाही. इथली होळी म्हणजे आपली दिवाळी. कारखान्यात, वीटभट्टीवर, कुठेही गेलेला माणूस होळीला घरी येतोच. मालक पगार कापो, नाही तर काढून टाको. मला मिळालेली मुदत उद्याच संपत होती. दोन महिने तो तुकडा बाटलीत पडला होता, पुढे दोन महिने आमच्याकडे, त्यात आणखी दोन दिवस. मी सिल्वासाला परतून कुंदाताईंच्या टेबलावरून मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "राहा. होळी खेळून ये."

ते दोन दिवस माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस होते, हे कबूल करायला हरकत नाही. बायकोच्या दशम्या मी भोयांच्या घरी वाटल्या. गोड भाकरी म्हणून त्या पोरांनी अर्ध्या तासात संपवल्या. पेन्सिलींचा डबाही तिथेच रिकामा झाला. होळीसाठी उंच बांबू कापून वाजतगाजत आणला, त्याला पापड्या, साखरगाठ्यांचे हारडे, नारळ बांधले. ढोलावर गोल धरून नाच झाला आणि मलाही आत ओढलं. माझे पाय सगळ्यांच्या उलट पडत होते. देवली हसून हसून बाजूला झाली. जेवताना मात्र माझं लक्ष तिच्याकडे जायचं. घास तोंडात घातला की ती थांबायची, मान जराशी पुढे काढायची, पाण्याचा घोट घ्यायची. घरात कुणाच्याच ते ध्यानात येत नव्हतं. मला त्या प्रत्येक घोटाला वाईट वाटायचं आणि आपण वेळेत आलो असू दे, असं मनात यायचं.

मुंबई

देवली, तिचा थोरला मुलगा आणि मी, असे तिघे मुंबईला आलो. माह्या शेळ्यांसाठी मागे राहिला. प्रवासात सांगण्यासारखं एवढंच की देवलीने मुंबईचा समुद्र पाहून "पीत नाय ना कोणी हा?" असं विचारलं आणि नाही म्हटल्यावर तिचा त्यातला रस संपला.

पुन्हा दुर्बीण घातली, पुन्हा तुकडे घेतले. यावेळी बाटली मी भरली आणि काचही मीच रंगवली. तपकिरी ठिपके आले, आणि या तुकड्यात रोजच्या गुलाबी-जांभळ्या रंगातही ते दिसलं. कर्करोग होता. पण अगदी वरच्या अस्तरापुरता, अजून खाली न उतरलेला. मॅडम म्हणाल्या, एवढ्या लवकर सापडलेला आपल्याकडे फारसा बघायला मिळत नाही. वाचकांना टांगून ठेवायला मला आवडत नाही, म्हणून इथेच सांगतो, पुढे तिचं ऑपरेशन झालं आणि ती बरी झाली. आजही मोहाची फुलं वेचते.

पण ऑपरेशनच्या आधी तिच्या अंगात रक्त भरायला तीन आठवडे हवे होते. त्या काळात मी रोज दुपारी वॉर्डात चक्कर टाकायचो. निकाल सांगताना मी तिला काच, रंग आणि ठिपके समजावून सांगितले होते; त्याच्या दुसऱ्या दिवशी ती खाटेवर मांडी घालून बसली होती. मला म्हणाली, "आमच्या गड्याचा काय?"

"माह्याचं? त्याची काच कोरी आहे. काही नाही. बाकीच्या पंधरांचीही कोरीच."

ती म्हणाली, "त्यांची दवा येगळी. माजा तुकडा मोहात होता. तुझा रंग माज्यावर चढला, त्यांच्यावर नाय चढला. मग त्यांचा राखणदार मोडला का नाय मोडला, तुला कसा समजला?"

इतकी वर्षं मी हा धंदा करतो. फॉर्मॅलिनमध्ये तुकडा फार दिवस राहिला की त्यातली प्रथिनं एकमेकांत जखडून जातात आणि आमचा रंग त्यांच्यापर्यंत पोचत नाही, हे मीच नव्या मुलांना शिकवतो. त्या सोळा बाटल्या मुंबईला येणारा कुणी भेटेपर्यंत सिल्वासाला दोन महिने पडून होत्या. सोळा काचा कोऱ्या दिसल्या तेव्हा मी खूश झालो होतो, आणि सतरावीच्या मागे धावताना त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नव्हतं. जन्मभर मोह गाळणाऱ्या बाईला ठाऊक होतं की कशात काय भिजत ठेवलं यावर सगळं अवलंबून असतं. मला लाज वाटली. मी तसाच मॅडमच्या खोलीत गेलो आणि तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत सांगितला. मॅडमच्या तोंडचं पाणी पळालेलं मी तेव्हा एकदाच पाहिलं.

पुन्हा सुरंगी

आठवड्याच्या आत आम्ही निघालो. जीप, दुर्बीण, डॉक्टर आणि बाटल्या यावेळी आम्हीच नेल्या. देवलीला नेऊ नये असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. ती म्हणाली, तुमाला घरं नाय सापडायची, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. ते खरंच होतं. रजिस्टरात नुसती नावं आणि गावं. कुठल्या पाड्यावर कुणाचं छप्पर, कोण वीटभट्टीवर गेलंय, कोण मसाटच्या कारखान्यात पाळीवर आहे, हे तिला आणि भिकूला ठाऊक. दोन दिवस आम्ही फिरलो. प्रत्येक दारात आधी तीच उतरायची आणि आपल्या बोलीत काहीतरी सांगायची. मी ऐकायचो; राखणदार आणि डुकरं एवढं कळायचं. माणसं उठून सिल्वासाच्या दवाखान्यात यायची. मी मुंबईहून तोंडपाठ करून आणलेलं भाषण एकदाही करावं लागलं नाही.

त्या माणसांचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो. एका म्हाताऱ्या बाईंच्या काचेवर रंग आला, त्यांनाही वेळेत उपचार मिळाले. बाकीच्या काचा कोऱ्या निघाल्या, आणि यावेळी त्या खरोखरच कोऱ्या होत्या. पण हे कळायला अजून अवकाश होता.

शेवटचं घर देवलीचं. माह्या उंबऱ्यावरच बसला होता. दुर्बीण आली आहे असं कळताच त्याने दोन्ही हातांनी आपला गळा धरला. पहिल्या वेळचं तो विसरला नव्हता.

"मी नाय येत," तो म्हणाला. "मना काय नाय झाला. कागद हाय माज्याकडं."

डॉक्टर समजवायला लागले. मी समजावलं. भिकूने समजावलं. माह्या दरवेळी आत जाऊन तो कागद आणून दाखवायचा. त्यावर आमच्याच मॅडमची सही होती, त्यामुळे आम्हाला फार बोलताही येईना. देवली जीपमधून उतरली नव्हती. ऊन चढलं होतं आणि मला वाटलं ती दमली असेल. ती सावकाश खाली उतरली, अंगणात आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"माज्या घशात दोनदा घातली," ती म्हणाली. "आता चिरणार पण हायत. मी घाबरली नाय का? घाबरली. तरी जाऊन आली. पंधरा माणसं उठवली मी. आता तू चल."

माह्याने तिच्याकडे पाहिलं. "कोंबड्या कोण कोंडील?"

"सून कोंडील."

तो बसून राहिला. देवली वळली, जीपकडे गेली आणि पुढच्या सीटवर बसून समोर बघू लागली. पुन्हा हाक मारली नाही. मग माह्या उठला. खुंटीवरचा सदरा काढून अंगात घातला, बटणं एक-एक करून लावली, कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि जीपपाशी येऊन उभा राहिला.

"साहेब," त्याने मला विचारलं, "ती पुढं हाय. मी मागं बसू?"